जमीन हलवणारा ट्रक खरं बोलतो का, हे कोण तपासतं?

वॉट्सॅपवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत असतो. मोठमोठ्या चाकांचे तीन-चार अवजड ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे, पोटाखालून एक जाड लोखंडी पाट खाली येतो, ट्रक आपलं सगळं वजन त्या पाटावर टाकतो आणि मग दहा-बारा सेकंद जमीन अशी घुमते की शूट करणाऱ्याचा मोबाइल पण हलतो. खाली लिहिलेलं असतं, "सावधान, कृत्रिम भूकंप". आमच्या वणी-मारेगावकडच्या ग्रुपवर तो आला की मला हमखास फोन येतात, कारण मी काही वर्षं राजस्थानात बाडमेरकडे सिस्मिक क्रूमध्ये, म्हणजे जमिनीखालचे थर शोधणाऱ्या सर्व्हेच्या टोळीत, याच ट्रकांच्या मेकॅनिकच्या हाताखाली काम केलंय. "बावा, हे जमीन कायले हलवून रायले? अन् हलवून त्याईले समजते तरी काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे, कारण त्याच्या पोटात तिसरा लपलेला आहे जो सहसा कोणी विचारत नाही. त्या ट्रकनं जमिनीत जे पाठवायचं ठरलं होतं तेच पाठवलं, हे कशावरून? क्रूची अर्धी डोकेदुखी हीच असते, म्हणून आज त्याच्यावरच लिहितो.

आधी, हलवतात कायले?

जमिनीच्या वरून लाट पाठवायची, ती खाली खडकांच्या थरांवर आदळून परत येते, ती वर पेरलेल्या जिओफोननं ऐकायची आणि यायला किती वेळ लागला त्यावरून थर किती खोल आहे ते काढायचं. जिओफोन म्हणजे जमिनीत खिळ्यासारखा रोवलेला छोटा सेन्सर, केबलला शेकडो लटकलेले असतात आणि शेतातून जाताना पायात येतात ते हेच. तेल, गॅस, कोळसा सगळ्यासाठी ही पद्धत चालते.

लाट पाठवायचे दोन रस्ते. एक, भोक पाडून त्यात सुरुंग उडवायचा. दुसरा हा ट्रक, त्याला व्हायब्रेटर किंवा क्रूच्या भाषेत नुसतं "व्हायब" म्हणतात. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कोनोको या तेल कंपनीनं ही पद्धत काढली आणि आज जमिनीवरच्या सर्व्हेत ती जगभर चालते.

आपल्याकडे हा विषय का येतो तेही सांगून टाकतो. तेल मंत्रालयाच्या यादीत देशात गाळाच्या खडकांची २६ खोरी आहेत, त्यात डेक्कन सिनेक्लाइज आणि प्राणहिता-गोदावरी ही दोन नावं आहेत, पहिलं म्हणजे आपल्या काळ्या दगडाखाली दडलेला गाळ आणि दुसऱ्याचा भाग चंद्रपूर-गडचिरोलीकडे येतो. २०१६ मध्ये केंद्रानं नॅशनल सिस्मिक प्रोग्राम सुरू केला, कधी नीट न पाहिलेल्या भागांत ४८,२४३ लाइन किलोमीटर (सर्व्हेच्या रेघांची एकूण लांबी) सर्व्हे करायचा आणि काम ओएनजीसी अन् ऑइल इंडियाकडे. तेव्हापासून गावोगावी केबल, झेंड्या आणि हेल्मेटवाली पोरं दिसली की चर्चा सुरू.

बारा सेकंदांच्या घुमण्यातून एक रेघ कशी निघते?

सुरुंग एकदाच "धाड" करतो, लाट छोटी आणि टोकदार असते, परत आली की लगेच ओळखू येते. व्हायबची ताकद सुरुंगापुढे काहीच नाही, म्हणून तो तीच ताकद लांबवून देतो. ८ हर्ट्झपासून सुरू करून हळूहळू ८० हर्ट्झपर्यंत चढत जातो, म्हणजे सेकंदाला ८ हेलकाव्यांपासून ८० हेलकाव्यांपर्यंत (हा आकडा म्हणजेच फ्रिक्वेन्सी), समजा १२ सेकंदांत. या चढत्या घुमण्याला स्वीप म्हणतात. आकडे कामाप्रमाणे बदलतात.

आता गंमत अशी की एखाद्या थरावरून लाट परत यायला एक सेकंद लागतो, दुसऱ्यावरून सव्वा, तिसऱ्यावरून दीड, पण स्वीप तर बारा सेकंद चालूच आहे, त्यामुळे सगळ्या थरांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून रेकॉर्डवर नुसता गिचका दिसतो, त्यात ट्रॅक्टरचा आवाज, वारा, बाजूनं जाणारी एसटी, सगळंच. डोळ्यानं काही म्हणजे काही कळत नाही.

मग कंप्युटर एक काम करतो. जो स्वीप पाठवायचा ठरला होता त्याची स्वच्छ प्रत, हिला पायलट म्हणतात, ती रेकॉर्डच्या सुरुवातीला ठेवतो, आकड्याला आकडा गुणतो, सगळ्यांची बेरीज करतो. मग पायलट जरासा पुढे सरकवतो, परत गुणाकार, परत बेरीज. असं सरकवत शेवटापर्यंत जातो. जिथे रेकॉर्डमध्ये पायलटसारखंच काही दडलेलं असेल तिथे बेरीज एकदम उसळते, बाकी ठिकाणी अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात. एक सेकंदावर उसळी, सव्वा सेकंदावर उसळी, दीडवर उसळी, झाले तीन थर. बारा सेकंदांचा स्वीप आक्रसून बारीक टोक होतो आणि एसटीचा आवाज पायलटशी जुळत नाही म्हणून मागे पडतो.

हे सगळं एका गृहीतावर उभं आहे, की जमिनीत गेलेला स्वीप आणि कंप्युटरमधला पायलट एकच आहेत. ट्रकनं थोडं वेगळं काही पाठवलं तर तुम्ही भलत्याच गोष्टीशी जुळवून पाहताय. त्यात वाईट म्हणजे उत्तर तरीही येतं, स्क्रीनवर थर दिसतात, छान रंगीत नकाशा निघतो, फक्त तो चुकीचा असतो.

किती चुकलं तर किती फरक?

इथे एकच अवघड शब्द लागतो, फेज. हेलकाव्याचं एक पूर्ण चक्र ३६० अंशांचं धरलं तर या क्षणी आपण चक्रात कुठे आहोत, ते फेज. पायलट टोकावर असताना ट्रक पण टोकावर असला पाहिजे. ट्रक मागे राहिला तर तितके अंश फेजची चूक.

हिशेब करून पाहू. १० हर्ट्झला एक चक्र १०० मिलिसेकंदांचं. ९० अंश चूक म्हणजे २५ मिलिसेकंद. खडकात लाट सेकंदाला ३००० मीटर धावते असं धरलं, जायचं-यायचं अंतर म्हणून निम्मं केलं, तर थराची खोली सदतीस-साडेसदतीस मीटरनं चुकली. एवढ्यात कोळशाचा अख्खा थर गडप होतो. म्हणून क्रूवर सरासरी फेज दोन-चार अंशांच्या आत पाहिजे असा आग्रह असतो.

आता एकाच जागी तीन-चार ट्रक एकदम स्वीप करतात, ताकद वाढावी म्हणून. ८० हर्ट्झला चक्र साडेबारा मिलिसेकंदांचं. दोन ट्रकांपैकी एक सव्वासहा मिलिसेकंद उशिरा सुरू झाला की पहिला दाबतो तेव्हा दुसरा सोडतो, त्या फ्रिक्वेन्सीला दोघांची मेहनत बरोबर शून्य. डिझेल जळलं, आवाज झाला, जमीनपण हलली, आणि खाली काही गेलं नाही. एखाद्या ट्रकच्या सेन्सरची वायर उलटी जोडलेली असेल तर हेच सगळ्या फ्रिक्वेन्सींना होतं. म्हणून दुरुस्तीनंतर पोलॅरिटी, म्हणजे दाब म्हणजे दाबच नोंदतोय ना हे बघितल्याशिवाय ट्रक लाइनवर सोडत नाहीत.

काटा कोणाचा आणि तपासणार कोण?

कापूस विकणाऱ्याला हे लगेच कळेल. जिनिंगच्या काट्यावर गाडी लावली, स्क्रीनवर आकडा आला, तो बरोबर की काटा मारला हे त्याच स्क्रीनकडे पाहून कधीच समजत नाही. म्हणून शहाणा माणूस रस्त्यात दुसऱ्या धर्मकाट्यावर गाडी एकदा तोलून मगच जिनिंगमध्ये घुसतो, आणि त्या दोन्ही काट्यांवर वैधमापनवाल्यांचा शिक्का असावा लागतो तो वेगळाच. व्हायबची तपासणी म्हणजे शंभर टक्के हेच आहे.

ट्रकमध्ये काय असतं ते आधी बघा. खाली दीड-दोन टनांचा पाट, बेसप्लेट. त्याच्या वर साडेतीन-चार टनांचा लोखंडी ठोकळा, त्याला मास म्हणतात. हायड्रॉलिक तेलाच्या दाबानं मास वर-खाली ढकलला जातो आणि त्याची उलटी ताकद बेसप्लेटमधून जमिनीत जाते. ट्रकचं वजन एअरबॅगांवरून बेसप्लेटला दाबून धरतं, म्हणजे दाबायला वजन मिळतं पण ट्रक स्वतः थरथरून खिळखिळा होत नाही. नेहमीच्या मोठ्या व्हायबची कमाल ताकद ६०,००० पाउंड, म्हणजे सुमारे २७ टन.

जमिनीला खरंच किती ताकद लागली हे थेट मोजायला पाटाखाली काटा तर ठेवलेला नसतो. म्हणून एक सेन्सर मासवर, एक बेसप्लेटवर. दोन्ही किती झपाट्यानं हलतात ते मोजायचं, आपापल्या वजनानं गुणायचं, बेरीज करायची. ही बेरीज म्हणजेच ग्राउंड फोर्स असं धरतात. ट्रकमधला कंट्रोलर ती बेरीज सतत पायलटशी ताडतो आणि फरक दिसला की व्हॉल्व्हला हुकूम देतो, जरा लवकर, जरा जोरात. स्वीप संपला की रेडिओवरून रिपोर्ट पाठवतो. सरासरी फेज, कमाल फेज, ताकद, डिस्टॉर्शन (हे काय ते पुढे सांगतो). हिरवा रंग आला की पुढे चला.

अडचण दिसली का? ज्या सेन्सरवर कंट्रोलर चालतो त्याच सेन्सरवरून तो स्वतःचे मार्क लिहितो. सेन्सर खोटा असेल तर कंट्रोलर त्या खोट्याला पायलटशी तंतोतंत जुळवतो आणि इमानदारीत सांगतो, फेजची चूक शून्य. ट्रक चुकतोय, रिपोर्ट हिरवा.

माझ्या समोरची गोष्ट आहे. चारपैकी एका व्हायबचा रिपोर्ट सगळ्यात चांगला यायचा, आमचा ऑपरेटर तर खूश, चहा पाजायचा सगळ्यांना. सकाळच्या तपासणीत मात्र त्याची आलेखावरची रेघ बाकी तिघांपासून वरच्या फ्रिक्वेन्सीला सुटत चालली होती, अगदी थोडी, पण रोज थोडी जास्त. मेकॅनिकनं टॉर्च घेऊन खाली जाऊन बेसप्लेटवरचा सेन्सर नुसता बोटानं दाबला तर तो हलला. खालचा बोल्ट सैल. मातीचा पापुद्रा इतका घट्ट बसला होता की बघून वाटावं वेल्डिंग आहे. सेन्सर पाटाचं हलणं मोजायच्या ऐवजी स्वतःचीच खडखड त्यात मिसळून मोजत होता आणि कंट्रोलर बिचारा ती दुरुस्त करत बसला होता.

सकाळची सिमिलॅरिटी

या दुसऱ्या काट्याचं नाव सिमिलॅरिटी टेस्ट. प्रोडक्शन, म्हणजे दिवसाचं खरं रेकॉर्डिंग, सुरू व्हायच्या आधी सगळे व्हायब रेकॉर्डिंगच्या गाडीजवळ ओळीत लावतात, त्या गाडीला डॉगहाऊस म्हणतात, कायले ते विचारू नका. आधी इंजिन चालू ठेवून, रिकामे स्वीप मारून हायड्रॉलिक तेल गरम करायचं, कारण थंडीत तेल जाड असतं आणि व्हॉल्व्ह आळशी, थंड मशीनची टेस्ट घेऊन काही अर्थ नसतो. वाळवंटातल्या डिसेंबरच्या सकाळी हे काम फार जिवावर यायचं.

मग प्रत्येक ट्रकपासून डॉगहाऊसपर्यंत वायर ओढतात. ऑब्झर्व्हर, म्हणजे रेकॉर्डिंगचा प्रमुख, एक स्वीप सोडतो आणि ट्रकचा पायलट, मासचा सेन्सर, पाटाचा सेन्सर, त्यांची बेरीज, हे सगळं ट्रकच्या कंट्रोलरला न विचारता आपल्या रेकॉर्डरवर स्वतः नोंदवतो. पहिली गोष्ट बघतात की ट्रकमधला पायलट आणि डॉगहाऊसचा पायलट एकच आहे ना, कोणीतरी काल रात्री सेटिंग बदललं आणि एका ट्रकमध्ये जुनाच स्वीप राहिला असं होऊ शकतं. मग सुरुवातीची वेळ. मग फेज, फ्रिक्वेन्सीप्रमाणे. मग ताकद. मग चारही ट्रकांच्या रेघा एकमेकींवर ठेवून बघायच्या, आणि खरं सांगायचं तर जुने ऑब्झर्व्हर आकड्यांच्या आधी हे चित्रच बघतात, वेगळी रेघ लगेच डोळ्यात घुसते.

वायर ओढणं वेळखाऊ, म्हणून दिवसभरात रेडिओवरूनही सिमिलॅरिटी घेतात. पण रेडिओमधून सिग्नल जाताना त्याला स्वतःचा थोडा उशीर लागतो आणि आकारही थोडा बिघडतो, तेव्हा चूक दिसली तर ती ट्रकची की रेडिओची? म्हणून आधी वायरनं, मग त्याच ठिकाणी लगेच रेडिओनं, दोन्हीतला फरक लिहून ठेवायचा आणि पुढे रेडिओचे आकडे त्या हिशेबानं वाचायचे. आता सुरुवातीची वेळ जीपीएसच्या घड्याळावर बांधता येते आणि नव्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक स्वीपचे सिग्नल आतच साठवता येतात, त्यामुळे हे सोपं झालंय. सोपं झालं म्हणून काही ठिकाणी उरकूनही टाकतात, ते मला पटत नाही. साठवलेला सिग्नल शेवटी त्याच कंट्रोलरनं लिहिलेला असतो.

त्याच्याही वरचा काटा म्हणजे लोड सेल. बेसप्लेटच्या खाली खरोखरचे वजन मोजणारे सेन्सर ठेवायचे आणि वर स्वीप मारायचा. हे रोज होत नाही, खर्चिक आणि किचकट आहे. पण यातूनच एक मोठी गोष्ट समजली. कमी फ्रिक्वेन्सीला वरच्या दोन सेन्सरांची बेरीज आणि खालचा खरा दाब चांगले जुळतात, वरच्या फ्रिक्वेन्सीला फाटत जातात. कारण पाट लोखंडाचा असला तरी वाकतो. मधे एक सेन्सर आणि कडा वेगळ्याच हलतात, मग एका सेन्सरवरून अख्ख्या पाटाचा हिशेब कसा जमणार? म्हणून पुढच्या मशीनमध्ये पाट जास्त कडक बनवायला लागले.

काळी माती, मुरूम आणि खालचा दगड

हे सगळं कडक सपाट जागेवर ठीक आहे. आपल्याकडे काय? वर काळी कसदार माती, पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा. मऊ जागेवर पाट एका कडेनं बसतो, डुलतो, आणि तोच स्वीप मुरुमाच्या रस्त्यावर वेगळा, पऱ्हाटीच्या वावरात वेगळा निघतो. चांगले कंट्रोलर प्रत्येक जागी जमिनीचा कडकपणा अंदाजानं काढून रिपोर्टमध्ये देतात, तो बघितला की समजतं की फेज बिघडली ती मशीनमुळे की मातीमुळे. जमिनीला दाबता येतं, ओढता येत नाही, हेही लक्षात घ्या. मास जोरात वर आला आणि ताकद ट्रकच्या वजनापेक्षा जास्त झाली तर पाट चक्क जमीन सोडतो, उडतो आणि परत आपटतो. म्हणून २७ टनांचं मशीन पूर्ण ताकदीवर न चालवता साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास चालवतात.

त्यात आपला खास त्रास म्हणजे बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर, मधेमधे लाल मातीच्या पट्ट्या, पोकळ्या. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लाटा यात विखरून जातात, खालपर्यंत तग धरतात त्या कमी फ्रिक्वेन्सीच्या. आणि नेमकी तिथेच मशीन दुबळी. मास एकूण साडेसात सेंटिमीटरच हलू शकतो असं धरा, वजन ३,७०० किलो. गणित केलं तर ७ हर्ट्झच्या आसपास २७ टनांची पूर्ण ताकद निघते, पण ४ हर्ट्झला जेमतेम नऊ टन, कारण इतक्या हळू हलवून तेवढी ताकद काढायची तर मासला जास्त लांब पळावं लागेल आणि तिथे जागाच नाही. जास्त ओढलं तर मास टोकाला आपटतो. म्हणजे काळ्या दगडाखाली बघायला जी फ्रिक्वेन्सी सगळ्यात जास्त लागते तिथेच मशीन कमी बोलते आणि चुकीचंही जास्त बोलते. वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात दगडाची जाडी कमी होत संपते, तिथे कोळशाचे थर बघायला त्रास कमी, पश्चिमेला अकोला-बुलडाण्याकडे जास्त. कोणी म्हणालं की "विदर्भात काहीच सापडलं नाही", तर मी आधी विचारीन की कमी फ्रिक्वेन्सीला सिमिलॅरिटी कशी होती.

डिस्टॉर्शन, म्हणजे न सांगितलेलं बोलणं

मशीनला १० हर्ट्झ सांगितलं की ती १० देते आणि सोबत थोडे २०, थोडे ३० पण देते. व्हॉल्व्ह, तेल, माती कोणीच सरळ रेषेत वागत नाही म्हणून. हे वरचं जास्तीचं म्हणजे डिस्टॉर्शन.

मघाचा ८ ते ८० चा स्वीप घ्या, सेकंदाला ६ हर्ट्झ चढतो. मशीन १० हर्ट्झवर असताना २० हर्ट्झची भेसळ निघाली. पायलटला २० हर्ट्झ अजून सुमारे पावणेदोन सेकंदांनी यायचंय. जुळवणीत कंप्युटरला वाटतं हे २० हर्ट्झ पावणेदोन सेकंद लवकर आले, म्हणून खोटा थर खऱ्याच्या आधी दिसतो, बहुतेक वेळा रेकॉर्डच्या शून्याच्याही आधी जातो आणि कोणाला त्रास होत नाही. उलट, उतरता स्वीप केला तर हेच भूत खऱ्या थरानंतर, खालच्या कमजोर थरांमध्ये येऊन बसतं. म्हणून बहुतेक ठिकाणी चढताच स्वीप वापरतात. पण वेळ वाचवायला एक ट्रक संपायच्या आत दुसरा सुरू केला की पुढच्याचं भूत मागच्याच्या रेकॉर्डमध्ये घुसतं, आणि मग डिस्टॉर्शनचा आकडा एकदम महत्त्वाचा होतो.

"एवढी कटकट, त्यापेक्षा सुरुंग नाही का बरा?"

काही ठिकाणी तोच वापरतात, डोंगरात ट्रक जात नाही तिथे दुसरा उपायच नाही. ताकद जास्त, भूतबित काही नाही. पण सुरुंगानं जमिनीत नक्की काय पाठवलं हे कोणालाच माहीत नसतं आणि परत तसाच कधी उडत नाही, भोक चिकणमातीत की दगडात त्यावर सगळं बदलतं. व्हायब चुकतो, पण त्याची चूक मोजता येते. मला विचाराल तर मोजता येणारी चूक केव्हाही परवडली. वर भोकं पाडायचा, बारूद सांभाळायचा, परवानग्यांचा ताप वेगळा.

"भूकंप तं नाइ येत नं? अन् घराले तडे?"

किल्लारीचं, ३० सप्टेंबर १९९३ चं नाव निघाल्याशिवाय ही चर्चा संपत नाही, आणि भीती समजण्यासारखी आहे. पण तो भूकंप खडकात साठलेला ताण मोकळा झाल्यामुळे आला. व्हायब वरच्या मातीला काही टनांनी दाबतो-सोडतो, काही सेकंद. भूकंप घडवायला हे कुठेच पुरत नाही.

घराचा प्रश्न मात्र खरा आहे. अगदी लगत स्वीप केला तर जुन्या मातीच्या भिंतीला त्रास होऊ शकतो, म्हणून क्रू घरं, विहिरी, पाइपलाइन, पूल यांच्यापासून अंतर ठेवतात, जवळ आलं तर ताकद कमी करतात, ट्रक कमी करतात, किंवा ती जागा सोडून देतात. हलणं मोजायचं मशीन असतं, ते सेकंदाला किती मिलिमीटर वेगानं जमीन हलली ते दाखवतं. वणीकडच्या लोकांना खाणीतल्या ब्लास्टिंगमुळे हे आकडे माहीत असतील, खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात बाहेरच्या लोकांच्या साध्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली ५, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५ मिलिमीटर प्रति सेकंद अशी मर्यादा आहे. तो नियम खाणीतल्या ब्लास्टिंगचा, व्हायबचा नाही, पण तुलना करायला आकडा हाताशी असलेला बरा. आणि बघा, ८ हर्ट्झच्या खाली मर्यादा सगळ्यात कडक आहे. म्हणजे दगडाखाली बघायला ज्या कमी फ्रिक्वेन्सी लागतात त्याच घराला जास्त जड जातात, गावाजवळ क्रूची तिथेच ओढाताण होते.

क्रू आलाच तर

गावात क्रू आला तर लाइन कोणत्या गट नंबरमधून जाणार ते लिहून घ्या. घर लाइनच्या जवळ असेल तर भिंतींचे तारीख दिसेल असे फोटो आधीच काढा, आधीचे तडे पण, आणि स्वीप चालू असताना मोजायचं मशीन तुमच्या भिंतीपाशी लावायला सांगा, नाही म्हणायचं त्यांना काही कारण नसतं. पिकाचा पंचनामा क्रू गावात असतानाच करून घ्या, कॅम्प उठला की कोणी फोन उचलत नाही. ट्रकची चाकं आणि पाट जिथे बसला तिथली काळी माती घट्ट दबते, तिथे पुढच्या पेरणीआधी एकदा खोल नांगरट लागते, तिचे पैसे पंचनाम्यात वेगळे लिहायला सांगा, पिकाच्या पैशात ते धरलेले नसतात.